लेक हवासूच्या म्हाताऱ्याकडून ब्लोअर ट्यून करून घेतला, अनुभव

फिनिक्समध्ये राहून बोट ठेवणं म्हणजे दारात हत्ती बांधणं असं बायको रोज ऐकवते, आणि माझा हत्ती म्हणजे २१ फुटी जुनी जेट बोट (पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी), ४५४ चेव्ही बिग ब्लॉक इंजिन, वर ६-७१ ब्लोअर (पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंप) आणि त्याच्या डोक्यावर दोन हॉली कार्ब्युरेटर. गेल्या सीझनपासून अर्ध्या थ्रॉटलला इंजिनात टकटक यायची, म्हणजे पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी धक्क्याने पेटायचं. इथल्या एका मेकॅनिकने टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करून दिलं, पैसे घेतले, टकटक दबली पण गेली नाही आणि एक्झॉस्ट मात्र जास्तच तापायला लागला.

मग हवासूचा, म्हणजे आमच्याच ॲरिझोनातल्या लेक हवासू तळ्याकाठचा हा म्हातारा मिळाला. दुकानाचं नाव देत नाही, त्यानेच सांगितलंय की अजून गिऱ्हाईक नको.

मी सांगितलं बूस्ट (ब्लोअर दाबतो त्या हवेचा दाब) वाढवून द्या, तर त्याने आधी स्पार्क प्लग काढले आणि भिंगातून दाखवले, पोर्सेलिनवर बारीक चंदेरी ठिपके. म्हणे हा तुझा पिस्टन आहे, वितळून उडालेला. पोटात गोळाच आला.

घोळ कार्ब्युरेटरमधल्या पॉवर व्हॉल्व्हचा होता. हा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ, कमी झाला की उघडतो आणि जास्तीचं पेट्रोल देतो, पण कार्ब्युरेटर ब्लोअरच्या वर असल्यामुळे त्याला अर्ध्या थ्रॉटललाही व्हॅक्यूमच दिसतो, खाली मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मार्गात) मात्र बूस्ट सुरू झालेलं असतं. म्हणजे इंजिन पेट्रोलविना उपाशी आणि वरच्याला पत्ताच नाही. त्याने कार्ब्युरेटरच्या बेसप्लेटमधला व्हॅक्यूमचा मूळ रस्ता बंद करून मॅनिफोल्डमधून नळी आणून व्हॉल्व्हला जोडली. एवढंच. आधी अर्ध्या थ्रॉटलला मिक्श्चर (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा) १३.५ होतं ते १२ च्या आत आलं, फुल थ्रॉटलला ११.८.

आणि बूस्ट वाढवायच्या ऐवजी कमी केलं की! १० टक्के ओव्हरड्राइव्ह होता, म्हणजे ब्लोअर इंजिनापेक्षा तेवढा जोरात फिरायचा, वरची पुली बदलून एकास एक केला, बूस्ट ९ पौंडांवरून साडेसहावर. मी जरा वाद घातला, पण त्याचं म्हणणं पटलं, पंपावरचं ९१ ऑक्टेन पेट्रोल, बाहेर ४५ डिग्री, आणि बोटीला गाडीसारखं न्यूट्रलमध्ये सोडून देणं नसतं, पाणी सतत ओढत राहतं. कसारा घाट चढतोय आणि उतार येतच नाहीये असं समजा. टॉप स्पीड जीपीएसवर २ मैलांनी कमी झाला, ठीक आहे.

वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून मिक्श्चर मोजणारा) बसवताना एक गोष्ट मस्त केली, एक्झॉस्टमध्ये थंड पाणी मिसळतं त्याच्या बऱ्याच आधी, कोरड्या भागात बसवला आणि आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) फार वेळ ठेवलाच नाही, कारण आयडलला पाणी उलटं येऊन सेन्सर मरतो. माझे आधीचे दोन असेच गेले, मी उगाच सेन्सरच्या कंपनीला शिव्या घालत होतो.

तक्रारी आहेतच. ११ दिवस थांबवलं, सात तासांचं बिल लावलं, फक्त कॅश, आणि सावली म्हणून एक पत्र्याची शेड, तिच्याखाली उभं राहण्यापेक्षा उन्हात बरं. पाचातले साडेचार. फोन उचलत नाही, मेसेज करा, आणि जाताना जुने प्लग फेकू नका, आधी तेच मागतो.