रोझेशिया: दोन जेल, एक सनस्क्रीन अन् चूल, नऊ महिन्यांनंतर

रोझेशियाचा, म्हणजे गाल-नाक लाल होऊन पुळ्या येणाऱ्या त्वचेच्या आजाराचा, इलाज पोळ्याला सुरू केला, आता नऊ महिने झाले, मधात पूर्ण मे महिन्याचं ऊनही अंगावरून गेलं म्हणून आता लिहिते. थंडीत लिहिलं असतं तर काही खरं नव्हतं, आमच्या यवतमाळकडे थंडीत कोणतंही क्रीम गुणकारीच वाटते.

माझं वय 39. तीनेक वर्षांपासून चुलीपुढे बसलं की दोन्ही गाल अन् नाक भाजल्यासारखं व्हायचं, वर बारीक पुळ्या. रंग सावळा, त्यामुळे लाली लाल दिसतच नव्हती, जांभळट-तपकिरी दिसायची, घरचे म्हणायचे उन्हानं काळवंडली. मी मुरूम समजून मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली. चार दिवसांत गाल असे साफ झाले की मी जावेलाही तीच घेऊन दिली. मग दीड वर्ष तेच, दोन दिवस नाही लावली की आग, लावली की बरं.

शेवटी यवतमाळला स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षर वाचून दाखवलं, बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. मग भिंगातून गाल पाहिले, म्हणाल्या मुरूम असते तर ब्लॅकहेड दिसले असते, इथे एकही नाही, पुळ्या अन् बारीक शिरा आहेत, हा रोझेशिया आहे अन् ट्यूबनं तो वाढवला. डोळ्यात कचकच होते का हेही विचारलं. होत होती, मी ते धुळीवर ढकलत होते, पण हा आजार डोळ्यालाही होतो.

ट्यूब बंद केल्यावरचे तीन आठवडे फार वाईट गेले, हे आधीच सांगून ठेवते कारण इथेच बाया घाबरून परत ट्यूबकडे जातात. नवरात्रात मी कोणाकडे हळदीकुंकवाला गेले नाही. सहा आठवडे डॉक्सीसायक्लिनची (अँटिबायोटिक) गोळी होती, भरपूर पाण्यासोबत घ्यायची अन् लगेच आडवं व्हायचं नाही. त्या गोळीनं ऊन जास्त लागते अन् नेमकी कापसाची वेचणी सुरू, म्हणून मी सकाळी लवकर वेचून दहाच्या आत घरी यायची. रात्री मेट्रोनिडाझोल जेल, तिसऱ्या महिन्यापासून सकाळी अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड 15 टक्के, हेही जेलच. हे दुसरं सुरुवातीला चावते, पहिले पंधरा दिवस रोज दहा मिनिटं गाल चुरचुरायचे, तोंड धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ देऊन लावलं की कमी चावते हे मला उशिरा कळलं. पुळ्या दोनेक महिन्यांत गेल्या. लाली अर्धीच गेली, अन् बारीक शिरा जशाच्या तशा आहेत, त्या जेलनं जात नाहीत, त्याला लेझर लागते.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 50, चुरचुरत नाही पण सावळ्या तोंडावर पांढरं दिसते. वावरात शेजारची काकू म्हणे, "मायबाई, तोंडाले चुना काऊन लावला वं?" मला दोन दिवस लागलं ते, पण लावणं सोडलं नाही. सनस्क्रीनची ट्यूब दोन महिनेही पुरत नाही, खर्च आहे.

पण माझ्या मते निम्मं काम औषधाचं अन् निम्मं उष्णतेचं. कॅलेंडरच्या मागे रोज लिहून ठेवलं, काय खाल्लं, कुठे बसली, गाल कधी पेटले. वाटलं होतं ठेच्याचं निघेल. तो होताच, पण पहिला नंबर चुलीचा, दुसरा वाफाळत्या चहाचा. चहा सोडला नाही, कोमट करून पिते. भाकरी गॅसवर, आंघोळीचं पाणी चुलीवरच तापते पण ते काम आता मुलगा करतो. मे महिन्यात मानेवर ओला पंचा ठेवायची, तरी लग्नाच्या मांडवात दोनदा गाल पेटलेच, मात्र संध्याकाळपर्यंत उतरले, पूर्वी आठवडा जायचा.

जाऊ अजून ती ट्यूब लावते, लपून. मीच दिलेली आहे, त्यामुळे तिला रागवायलाही तोंड नाही. गुरुवारी तिला घेऊन यवतमाळला चालली, ट्यूब सोबत घे म्हटलं आहे.