‘जुन्या कॅसेट टाकून देऊ का?’ असं कुणी विचारलं तर

आमच्या दादांची व्याख्यानं आणि घरातली जुनी ध्वनिमुद्रणं डिजिटल करून घेताना आम्ही फसलो. पैसे गेले ते गेले. पण ही फसवणूक नुसत्या कानाला कळत नाही, म्हणून लिहितोय.

दादा इतिहासाचे शिक्षक. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तशाच धर्तीच्या व्याख्यानमाला आमच्या भागातही चालत. तिथे आणि गणेशोत्सवात दादा बोलायला जात. एखादा विद्यार्थी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून बटण दाबायचा, तेवढंच ध्वनिमुद्रण. त्याच पेटीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, बारशाचे पाळणे होते, आणि मस्कतच्या काकांना पाठवलेली ‘बोलती पत्रं’ही. ती काका परत येताना घेऊन आले होते.

काम घेणारा गृहस्थ घरी आला. गोड बोलणारा. ‘आर्काइव्हल क्वालिटी, चोवीस बिट वेव्ह फाइल’, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेली फाइल, असं म्हणाला. दर कॅसेटमागे, बुरशी काढायचे वेगळे, ‘रेस्टोरेशन’चे वेगळे. चार-पाच दिवसांत पेटीभर कॅसेटचा पेनड्राइव्ह हातात. खरं तर नव्वद मिनिटांची कॅसेट नीट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. ती डबल स्पीडने पळवायची सोय जुन्या डेकवर असते, पण मग आवाजाचा दर्जा उतरतो.

पैसे घेताना तो सहज म्हणाला, “या कॅसेटचं आता काय करताय? टेप उतरवून झालीय. मीच टाकून देऊ का?” आई म्हणाली, “दादांच्या हातचं अक्षर आहे त्यावर. राहू देत.” एवढ्यावर आमचं वाचलं. मूळ कॅसेट गेली की फाइलमध्ये काय नाही हे कुणाला दाखवणार?

भाच्याला या कामातलं कळतं. त्याने एक फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्यांचा आलेख, काढला. कॅसेटची स्वतःची सरसर वरच्या पट्टीत हळूहळू विरत जाते. इथे १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ, आणि तिच्या वर काहीच नाही. म्हणजे आधी आवाजातला काही भाग गाळून लहान केलेली एमपीथ्री फाइल केली आणि तीच वेव्ह म्हणून पुन्हा साठवली. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ या हिशेबाने पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू साडेसातशे एमबीच्या पुढे जाते. आमच्या फाइल तेवढ्याच जड होत्या, पण आतला ऐवज १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीचा, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस एमबीचा. एकदा गाळलेला आवाज फाइल फुगवून परत येत नाही.

पुढचं तर निव्वळ लबाडीचं. कित्येक कॅसेटच्या ‘बी’ बाजूची फाइल म्हणजे ‘ए’ बाजूच, फक्त सुरुवातीचा मिनिटभर कापलेला. घरचे लोक पहिला मिनिटभर ऐकतात, आवाज ओळखतात, डोळे पुसतात आणि बंद करतात. हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते ओव्यांचं. रेस्टोरेशन म्हणजे एका बटणाचा नॉइज रिडक्शन, खरखर काढणारा फिल्टर. जात्याची घरघर सतत एकसारखी, त्यामुळे यंत्राच्या लेखी ती खरखरच. जातं गेलं, आणि आजी पाण्याखालून गातेय असं वाटायला लागलं. याचे वर पैसे.

बुरशीचं बिंग कॅसेटनेच फोडलं. काही कॅसेटना स्क्रू नसतात, कवच चिकटवलेलं असतं. ते फोडल्याशिवाय आतली टेप नीट साफ करता येत नाही. आमच्या तसल्या कॅसेटची कवचं शाबूत होती आणि खिडकीतून पांढरी भुकटी जशीच्या तशी दिसत होती. बिलात मात्र त्याही ‘साफ’.

विचारल्यावर आवाज बदलला. “वेव्हच दिलीय ना? बिल बघा.” बिलात होतं ‘ऑडिओ कन्व्हर्जन’ आणि नगांचा आकडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर बुरशीचे पैसे मुकाट परत आले. बाकीच्यावर तो अडून बसलाय.

तुम्ही देणार असाल तर पेटी एकदम देऊ नका. दोन्ही बाजू भरलेली एकच कॅसेट आधी द्या आणि फाइल मधूनच ऐका, ‘बी’ बाजूही. थेट टेपवरून ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह, दोन्ही बाजू, कुठलाही फिल्टर न लावता, हे बिलावर लिहून घ्या. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयासाने, किमान एवढं सांगितलेलं आहे. ही काही चैन नाही. साफ केलेली प्रत हवी तर ती वेगळी मागा. कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची टोकं आधी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

आणि प्रत्येक कॅसेटवर क्रमांक घालून फोटो काढा, ती यादी त्याच्याकडून सही करून घ्या. मस्कतच्या दोन कॅसेट आमच्याकडे परत आलेल्या नाहीत. तो म्हणतो, तुम्ही दिल्याच नव्हत्या. बिलात नुसते नग आहेत, आणि त्याने ते बरोबर जुळवलेत: पेटीत आमच्या नसलेल्या दोन कॅसेट निघाल्या, एक भजनांची आणि एक कोरी.