शेतमाल तारण कर्ज: कोणता माल ठेवावा आणि कोणता विकून मोकळे व्हावे

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. सुगीत भाव पडलेला असतो आणि घरात पैशाची निकड असते. अशा वेळी माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम कर्ज म्हणून उचलायची आणि भाव बरा झाला की कर्ज फेडून माल विकायचा. कल्पना अगदी साधी आहे. कर्ज म्हणून पाहिले तर शेतकऱ्याला मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी अपमानास्पद कर्जांपैकी हे एक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र भाव वाढवून देण्याचे साधन म्हणून तिच्याकडे पाहणारा दर दोन-तीन हंगामांत एकदा फसतो. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून हा सविस्तर आढावा.

आधी अटी. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, धान, करडई, सूर्यफूल आणि हळद यांवर किमतीच्या 75 टक्के कर्ज मिळते. ज्वारी, बाजरी, मका, गहू यांवर 50 टक्के. काजू बी आणि बेदाणा यांना टक्केवारीबरोबर कमाल रकमेची मर्यादाही आहे. मुदत 180 दिवस, व्याज वार्षिक 6 टक्के. साठवणूक, राखण आणि विमा ही जबाबदारी बाजार समितीची, त्याचे भाडे शेतकऱ्याकडून घ्यायचे नाही. माल फक्त शेतकऱ्याचाच घेतला जातो, व्यापाऱ्याचा नाही. म्हणून सातबारा लागतो आणि त्यावर त्या पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून स्वतः करायची पिकाची नोंद) राहून गेली असेल तर खेटे इथूनच सुरू होतात. पिकाची नोंद ऑक्टोबरात नव्हे, पाहणीच्या मुदतीतच करून ठेवायची असते.

किमतीबाबतचे एक कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मालाची किंमत ठरवताना त्या दिवशीचा बाजारभाव आणि शासनाची आधारभूत किंमत (हमीभाव) यांपैकी जी कमी असेल ती धरतात. 2024-25 मध्ये सोयाबीनची आधारभूत किंमत 4,892 रुपये होती आणि बाजारात भाव 4,200 च्या आसपास होता. म्हणजे कर्ज 4,200 वरच. आधारभूत किमतीच्या आशेवर रकमेचा अंदाज बांधला तर हातात कमी पडते.

आता हिशेब. 50 क्विंटल सोयाबीन, भाव 4,200 रुपये. मालाची किंमत 2,10,000, त्याच्या 75 टक्के म्हणजे 1,57,500 रुपये हातात. 180 दिवसांचे व्याज सुमारे 4,660 रुपये, क्विंटलमागे 93. हीच रक्कम सावकाराकडून महिना शेकडा 3 ने उचलली तर सहा महिन्यांचे व्याज 28,350 रुपये होते. कृषी केंद्राची उधारी तर याहून वाईट, कारण तिथे व्याज खताच्या किमतीत दडलेले असते आणि वर माल त्याच दुकानदाराला घालावा लागतो. या तुलनेत तारण कर्ज निर्विवाद सरस ठरते.

पण व्याज हा खर्चाचा एकच भाग आहे. दुसरा भाग वजनातली तूट, आणि तो पावतीवर कुठेच दिसत नाही. 12 टक्के ओलाव्याचे सोयाबीन गोदामात 10 टक्क्यांवर आले की 100 किलोचे 97.8 किलो राहते. सव्वादोन किलो हवेत गेले, म्हणजे 4,200 च्या भावाने पुन्हा 93 रुपये. त्यात दोन वेळची हमाली, बारदान्याची झीज आणि जादा वाहतूक मिळून क्विंटलमागे 40 रुपये धरू (हा आकडा गावागणिक बदलेल, आपला आपण घालावा). या सगळ्यातून बरोबरी साधायला सहा महिन्यांनी भाव किमान 4,430 हवा. त्याहून एक रुपया जरी कमी मिळाला तरी माल ठेवून तोटाच झाला, मग बाजारात भाव "वाढला" असे कोणी कितीही म्हणो. माल ठेवण्याआधी हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा.

ओलाव्याचा प्रश्न दुसऱ्या टोकानेही चावतो. परतीच्या पावसात काढलेले सोयाबीन 15-16 टक्के ओलाव्याचे असते. ते तसेच पोत्यात भरून थप्पीला लावले तर थप्पीच्या पोटात उष्णता धरते, बुरशी येते, दाणा काळवंडतो आणि विकताना डागी माल म्हणून भाव कापला जातो. सोयाबीनला गोदामातल्या किडीचा त्रास तसा कमी, त्याचा खरा शत्रू ओल. तूर, हरभरा, मूग यांचे उलटे आहे. भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच दाण्यावर येतात आणि दोन-तीन महिन्यांत पोत्याखाली पीठ साचू लागते. म्हणून कडधान्य ठेवताना धुरी कधी दिली जाते, हे विचारल्याशिवाय पावती घेऊ नये. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकून थप्पी ताडपत्रीने कडेकोट बंद करून आठवडाभर ठेवतात, तेव्हा ती धुरी. नुसते गोदामाचे दार लावून घेतले तर वायू फटींतून निघून जातो आणि आतली अळी मरत नाही. हे काम गोदामातल्या प्रशिक्षित माणसाचेच. त्या गोळ्या घरी वापरणे जिवावर बेतते.

माल नेण्याआधी चाळणी-पंखा मारून काडीकचरा आणि मातेरे काढावे, ओलावा 10 ते 11 टक्क्यांवर आणावा. ओलावा यंत्रावर मोजावा. दातांनी चावून "कडक आहे" म्हणण्यात दोन-अडीच टक्के सहज चुकतात. गोदामात थप्पी लाकडी फळ्यांवर आहे का, भिंतीपासून हातभर सोडून आहे का, छताला गळती आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. पावतीवर नुसती पोत्यांची संख्या नको. वजन, ओलावा आणि प्रत, तिन्ही लिहून घ्यावे. फक्त "100 कट्टे सोयाबीन" अशी पावती असेल तर एप्रिलमध्ये वाद झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात काही पुरावा नसतो.

थोडा थोडा माल सोडवता येतो का, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. सगळी रक्कम भरल्याशिवाय एकही पोते सुटणार नसेल तर 50 क्विंटलची एकच पावती करू नये. 20, 15, 15 अशा तीन कराव्यात. भाव चढतो तेव्हा तो पंधरा दिवस टिकेलच असे नाही, आणि दीड लाख एकरकमी उभे करण्यात तो निघून जातो.

इथपर्यंत सेवा चांगली. मोठी उणीव अशी की ती सगळीकडे मिळत नाही. राज्यात तीनशेवर बाजार समित्या आहेत, पण मनापासून तारण चालवणाऱ्या मोजक्याच. कारणे उघड आहेत. काही समित्यांकडे पक्के गोदाम नाही. काहींचे गोदाम व्यापाऱ्यांना भाड्याने दिलेले असते आणि सुगीत रिकामे होत नाही. आणि सुगीतच स्वस्त माल हवा असणाऱ्यांचे वजन समितीत असेल तर शेतकऱ्याने माल अडवून धरावा यात त्यांना रस नसतो. पणन मंडळाने समित्यांना आमिष ठेवले आहे. कर्जवाटपासाठी मंडळाकडून घेतलेली रक्कम 180 दिवसांत परत केल्यास समितीला 3 टक्के व्याज सवलत मिळते. ते पुरेसे नाही असे वाटते. समितीला दर वर्षी "सुगीत किती क्विंटल तारण घेतले" असा साधा प्रश्न विचारला गेला तर चित्र बदलेल.

समिती दाद देत नसेल तर दुसरी वाट वखारीची. गोदाम विकास आणि नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गोदामात माल ठेवला की इलेक्ट्रॉनिक वखार पावती निघते आणि तिच्यावर बँक कर्ज देते. राज्य वखार महामंडळ शेतकऱ्यांना साठवणूक भाड्यात 50 टक्के सूट देते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या अल्प आणि अत्यल्प भूधारकांना अशा पावतीवर सहा महिन्यांपर्यंत 7 टक्के सवलतीचा दर मिळू शकतो, पण शाखेत तो आपणहून सांगितला जात नाही, मागावा लागतो. या वाटेचा फायदा म्हणजे प्रतवारी आणि वजन शास्त्रशुद्ध होते. तोटा म्हणजे भाडे लागते, खाते उघडावे लागते आणि पाच-दहा क्विंटलवाल्याला ही यातायात परवडत नाही. त्याने गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत माल एकत्र करूनच जावे.

आता मूळ प्रश्न, भाव वाढतो का? सोयाबीनचा अनुभव पाहा. ऑक्टोबर 2021 मध्ये 5,000 च्या आसपास असलेला भाव मार्च-एप्रिल 2022 मध्ये 7,000 च्या वर गेला. ज्यांनी माल ठेवला त्यांचे सोने झाले, आणि त्या वर्षाची गोष्ट आजही सांगितली जाते. पुढे 2023-24 मध्ये नोव्हेंबरात 5,000 च्या घरात असलेला भाव फेब्रुवारी-मार्चपर्यंत साडेचार हजारांखाली उतरला. 2024-25 मध्ये तो बहुतेक काळ 4,000 ते 4,500 मध्येच घुटमळला. वर काढलेली 4,430 ची रेषा आठवा.

याचे कारण सोयाबीनच्या पोटात आहे. एक क्विंटल दाण्यातून साधारण 18 किलो तेल निघते आणि 80 किलोच्या आसपास पेंड. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले, तेव्हा सोयाबीन उसळेल असे सगळीकडे बोलले गेले. उसळले नाही. तेल महागले, पण पेंडेला उठाव नव्हता. मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा भुसा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला होता आणि परदेशात पेंड मुबलक होती. मे 2025 अखेरीस ते शुल्क पुन्हा 10 टक्क्यांवर आणले गेले. म्हणून सोयाबीन ठेवणाऱ्याने तेलाच्या बातम्यांपेक्षा पेंडेचा भाव पाहावा. त्यातच डिसेंबर 2021 पासून सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेच्या भावाचे आजच होणारे सौदे) सेबीने, म्हणजे रोखे बाजाराच्या नियामकाने, थांबवले आणि त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. वायदा असता तर एप्रिलच्या भावाचा अंदाज नोव्हेंबरातच दिसला असता. शेतकऱ्याला माल ठेवायला कर्ज द्यायचे आणि पुढचा भाव दाखवणारी खिडकी बंद करायची, ही धोरणातली विसंगती या योजनेला सर्वांत जास्त भोवते.

केनियात मक्यावर असाच प्रयोग झाला. सुगीत कर्ज मिळालेल्या शेतकऱ्यांनी मका ठेवला, महागल्यावर विकला आणि नफा कमावला. जिथे पुष्कळ शेतकऱ्यांना कर्ज मिळाले तिथे सुगीतला आणि नंतरचा भाव जवळ आले, त्यामुळे एकेकाचा नफा घटला, पण लाभ गावभर पसरला. तिथला मक्याचा भाव आसपासच्या बाजारात ठरतो, म्हणून हे घडले. आपल्या सोयाबीनचा भाव अर्जेंटिना, ब्राझील आणि दिल्लीतल्या शुल्काच्या अधिसूचनेत ठरतो. लातूरने माल अडवला म्हणून तो हलत नाही.

म्हणून पिकावार माझा कौल वेगळा. हळद बिनधास्त ठेवावी. नीट वाळवलेली टिकते, वजनाची तूट थोडी, तिचे वायदे चालू आहेत आणि आपला देशच तिचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. 2023 मध्ये वसंतातल्या भावाच्या दुपटीहून वर ती ऑगस्टपर्यंत गेली होती, म्हणजे मार्चमध्ये केलेल्या पावतीच्या मुदतीतच. दर वर्षी असे होणार नाही, पण उसळीला जागा असते. तूर ठेवायची तर आयातीच्या निर्णयाकडे लक्ष ठेवून. आयात शुल्कमुक्त असेल तर जास्त आशा धरू नये.

सोयाबीन ठेवावे ते फक्त दोन कारणांसाठी. एक, पीककर्ज फेडण्यासाठी. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर राज्यात त्यावर व्याज पडत नाही. साधारण 31 मार्चची ती तारीख चुकू नये म्हणून पडत्या भावात सगळा माल विकण्यापेक्षा तारणाच्या रकमेतून भरणा करणे शहाणपणाचे. दुसरे, हमीभाव खरेदी केंद्रावरच्या रांगेत थांबण्यासाठी. बाजार आणि हमीभाव यांत 600-700 रुपयांचे अंतर असताना केंद्रावर माल घालण्यासारखा दुसरा फायदा नाही, पण बारी यायला आठवडे लागतात आणि नंतर पैसे जमा व्हायलाही. तेवढे दिवस तारण भागवते. मात्र नोंदणी आधी करावी, माल तारणात टाकून मग नाही. बारीचा निरोप आला की कर्ज भरून माल सोडवायला रोख लागते, तिची सोय आधीच पाहून ठेवावी. केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांपर्यंतच चालतो. नोव्हेंबर 2024 मध्ये 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण ती दर वर्षी गृहीत धरू नये.

आणि 180 वा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. 25 ऑक्टोबरची पावती असेल तर तो 23 एप्रिलला येतो. त्यानंतर पहिले सहा महिने व्याज 8 टक्के, पुढच्या सहा महिन्यांना 12 टक्के. शेवटच्या आठवड्यात सगळेच माल सोडवून बाजारात आणतात, आवक वाढते आणि भाव थोडा बसतो. खिशातला आकडा मार्चमध्ये गाठला गेला असेल तर मार्चमध्येच विकावे.