छोट्या रोबोटच्या वीजपुरवठ्यासाठी एलएम २५९६ मॉड्यूल : सहा महिन्यांचा अनुभव

दोन चाकांच्या एका छोट्या रोबोटसाठी वीजपुरवठ्याचा बोर्ड तयार करताना, त्यावरील रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला पाच व्होल्ट देण्यासाठी मी बॅटरीचे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या एलएम २५९६ चिपचे तयार मॉड्यूल वापरले. रोबोटवर १८६५० आकाराचे तीन लिथियम-आयन सेल एकसर जोडलेले आहेत. त्यामुळे बॅटरी १२.६ व्होल्टपासून ९ पर्यंत उतरते. पाच व्होल्ट नीट देण्यासाठी या चिपला किमान ७ व्होल्ट लागतात, म्हणून दोन सेलवर शेवटच्या टप्प्यात ते अपुरे पडते.

विक्रेते ३ अँपिअर सांगतात, पण तो आकडा चिपचा आहे; उष्णता बाहेर टाकण्याची सोय नसलेल्या एवढ्याशा पट्टीचा नाही. कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास धरली, तर पूर्ण भारावर जवळपास ४ वॅट नुसती उष्णता होते. अडीच अँपिअरवर दहा मिनिटांनी चिपवर बोट ठेवता येईना. हीट सिंक चिकटवून २ अँपिअरपर्यंत मात्र ते तासन्‌तास बिनतक्रार चालते.

नवे मॉड्यूल कधीही थेट जोडू नये; आधी त्याचे आउटपुट व्होल्टेज लावून घ्यावे. ते व्होल्टेज ठरवणाऱ्या निळ्या ट्रिमपॉटचा स्क्रू सुरुवातीला कितीतरी वेढे फिरवूनही मल्टिमीटरवरचा आकडा हलत नाही, आणि मॉड्यूल बिघडलेले आहे असे वाटू लागते. तसेच फिरवत राहिले की व्होल्टेज उतरू लागते. मी ५.१ व्होल्टवर थांबून स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडला, कारण रोबोटच्या हादऱ्यांनी तो सरकण्याची मला धास्ती होती.

मोटर सुरू होताच रास्पबेरी पाय बंद पडून पुन्हा चालू होई, तेव्हा मी सगळा दोष मॉड्यूलला दिला होता, आणि तो अन्यायच होता. मोटरचा सुरुवातीचा जोरदार प्रवाह व पायचा प्रवाह एकाच बारीक ग्राउंड वायरीतून परत येत होता. मोटरची जाड वायर थेट बॅटरीवरून घेतली, दोन्ही ग्राउंड बॅटरीच्या ऋण टोकाशीच एकत्र आणले आणि मॉड्यूलच्या इनपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर झाळला. त्यानंतर तो त्रास एकदाही झाला नाही.

खरी उणीव संरक्षणाची आहे. मॉड्यूलवर फ्यूज नाही आणि उलट जोडणीपासून बचावही नाही. घाईत बॅटरी उलटी लावल्याने माझे पहिले मॉड्यूल क्षणात गेले. आता बोर्डवर ५ अँपिअरचा फ्यूज आणि उलट जोडणीत प्रवाह अडवणारा पी-चॅनेल मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आहे. डायोडनेही काम झाले असते, पण त्यात व्होल्टेज व ऊर्जा दोन्ही वाया जातात.

खरेदी करताना दोन-तीन जास्त घ्यावीत, कारण एखाद्यावर नकली चिप निघू शकते. मूळ चिप १५० किलोहर्ट्झ वारंवारतेवर चालते; माझ्याकडच्या एका मॉड्यूलने ऑसिलोस्कोपवर जेमतेम ५० दाखवले, आणि तेच सर्वांत जास्त तापत होते. सर्व्हो (हव्या त्या कोनात फिरवता येणाऱ्या छोट्या मोटरी) बसवायचे असतील, तर त्यांच्यासाठी वेगळे मॉड्यूल ठेवावे. पायच्या पाच व्होल्टमध्ये त्यांना वाटेकरी करू नये.