झटका मशीन: पेरणीपासून हरभरा निघेपर्यंत, आठ महिने वापरल्यावर

डुकरं अडवायला शेताभोवतीच्या तारेत झटका सोडणारं हे मशीन जूनमध्ये बसवलं होतं, आता फेब्रुवारी संपत आला आणि हरभरा घरी आला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. दुकानदार आणि व्हिडिओवाले सांगतात ते सगळं पहिल्या पंधरा दिवसांचं असतं, नवी तार, कोरडा बांबू, खाली गवताची काडी नाही, मग काय, झटका बसणारच ना भाऊ.

आधी आपली परिस्थिती सांगतो म्हणजे अंदाज येईल. वाशिम जिल्हा, साडेचार एकर काळी जमीन, खालच्या अंगाला नाला आणि नाल्यापलीकडे फॉरेस्ट. तीन एकरात सोयाबीन-तूर, दीड एकरात नुसतं सोयाबीन आणि त्याच्यावर हरभरा. आदल्या वर्षी शेंगा भरायच्या टायमाला रानडुकरांनी एका रात्रीत वीसेक गुंठे असं लोळवलं की सकाळी वाटलं कोणी रोलर फिरवला. बाबा ६२ वर्षांचे, तरी रोज रात्री जागलीला, मचाणीवर टॉर्च, तेलाचा रिकामा डबा आणि फटाके घेऊन. डुकरं फटाक्याला चार दिवस भ्यायली, पाचव्या दिवशी बाबा या कोपऱ्यात डबा वाजवत होते आणि ती त्या कोपऱ्यात जेवत होती.

खर्च एकदाच लिहितो, कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. सायरनवालं मशीन, ४० वॅटचं पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी मिळून ११,५००. शेताचा घेर साधारण ६०० मीटर, तीन पदरी तार म्हणजे १८०० मीटर, १६ गेजची जीआय तार जवळपास ३० किलो बसली, त्याचे २,९००. बांबू, इन्सुलेटर, चार कोपऱ्यांना लोखंडी अँगल धरून एकूण २१ हजारांच्या थोडं वर गेलं, मजुरी नाही धरली कारण मजूर म्हणजे मी आणि चुलतभाऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मशीन तारेत सतत करंट सोडत नाही. सेकंदा-सव्वा सेकंदाला एक ठोका देतं, टक... टक... व्होल्टेज आठ-नऊ हजार असतं पण ठोका इतका बारीक की डोळ्याची पापणीपण लवत नाही तेवढ्यात संपतो, म्हणून जनावर दचकून मागं सरतं. लाईनीवरून थेट तारेत सोडलेला करंट स्नायू आवळून धरतो, तिथून सुटता येत नाही. हा फरक नीट समजून घ्या, पुढं त्याचंच रामायण आहे.

पहिली गोष्ट जी मला कोणी सांगितली नाही, खालची तार जमिनीपासून आठ इंचावर पाहिजे. मी एक फुटावर लावली होती. डुकराच्या पाठीवर राठ केस असतात, तिथं तार घासली तर त्याला काही वाटत नाही, झटका नाकाला बसला पाहिजे. दुसऱ्याच आठवड्यात तारेखालून तीन जागी उकरून आत शिरलेली. मग सगळे खालचे इन्सुलेटर परत सोडून खाली घेतले, एक अख्खा रविवार गेला.

दुसरी गोष्ट अर्थिंग. लोक मशीन महागडं घेतात आणि अर्थिंगला एक सळई ठोकून मोकळे होतात. झटक्याचा रस्ता तार, मग जनावर, मग जमीन, मग अर्थिंग असा फिरून मशीनपर्यंत यायला पाहिजे. मी तीन पाईप मीठ-कोळसा घालून गाडले, पावसाळ्यात मस्त चाललं, पण जानेवारीत काळी जमीन फाटायला लागली तसा झटका मऊ पडत गेला. आता एक पाईप विहिरीच्या ओल्या जागेत नेलाय आणि बाकी दोघांना आठवड्याला एकेक बादली पाणी.

गवत. ह्याच्यावर वेगळा लेख होईल. ऑगस्टमध्ये टेस्टर साडेआठ केव्ही (म्हणजे साडेआठ हजार व्होल्ट) दाखवायचा तो पंधरा दिवसात तीनवर आला, कारण ६०० मीटर घेरात ओलं गवत खालच्या तारेला टेकलेलं आणि सगळा करंट जमिनीत. विळ्याने कापा नाहीतर तणनाशक मारा, पण दर बारा-पंधरा दिवसांनी तारेखालून फिरावंच लागतं. "एकदा बसवा आणि निवांत झोपा" असं जो म्हणतो त्याच्याकडे शेत नसावं. जुलैत सलग सात दिवस ढग होते तेव्हा बॅटरी एकदाच बसली, घरी आणून चार्ज केली, ती तक्रार मोठी नाही.

मोठी तक्रार विजेची. सप्टेंबरच्या शेवटी संध्याकाळी कडाडली आणि मशीनचा बोर्ड गेला. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की आभाळातली वीज धरत नाही, दुरुस्तीचे १,८०० गेले ते गेले, पण मशीन नऊ दिवस दुकानात होतं आणि तिसऱ्या रात्री डुकरं हजर. तार तशीच ताणलेली होती, नुसता टक टक आवाज नव्हता, त्यांना कसं कळलं देव जाणे. आता आभाळ गुरगुरलं की मी मशीनची क्लिप काढून टाकतो.

रोह्यांबद्दल, म्हणजे नीलगायींबद्दल, खोटं बोलणार नाही. वरची तार साडेतीन फुटावर आहे, रोही तिच्यावरून उडी मारतो. आईच्या जुन्या साड्या वरून बांधल्या तेव्हा जरा कमी झालं. डुकराला दहापैकी नऊ मार्क देईन, रोह्याला पाच.

आता धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण. मशीन घेताना हे कोणी हिशोबात धरत नाही म्हणून लांबण लावतो.

तार मी धुऱ्यावर ओढली. शेजारचे काका, नात्याने लांबचे पण लागतात, पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. जुलैत त्यांच्या गोऱ्ह्याला झटका बसला, तो दावं तोडून पार नाल्यापर्यंत पळाला, आणि मग काकांना आठवलं की माझे खांब त्यांच्या वावरात आहेत. आठ दिवस रोज सकाळी धुऱ्यावर उभं राहून तेच. मी म्हटलं आजोबांच्या काळापासून धुरा इथंच आहे, ते म्हणाले तुह्या बापानं दरवर्षी एक तास कोरला. तास म्हणजे वखराचा, घड्याळाचा नाही.

शेवटी वैतागून मोजणीचा अर्ज टाकला. दोन हेक्टरच्या आत असल्यामुळं नियमित मोजणीचे २,००० भरले, तारीख सोयाबीन निघाल्यावरची पडली, ते बरंच झालं, उभ्या पिकात कोण खुणा शोधणार. भूकरमापक रोव्हर (मोजणीचं जीपीएस यंत्र) घेऊन आले, लगतच्या सगळ्यांना नोटीस गेलेली, काका धोतर झटकून सगळ्यात आधी हजर. आणि निघालं काय, तर वरच्या टोकाला माझे खांब त्यांच्यात पावणेदोन फूट, आणि खालच्या टोकाला त्यांची वाही माझ्यात तीन फूट. म्हणजे धुरा वाकडा, दोघेही खरे आणि दोघेही खोटे. वरचे एकोणीस बांबू मी त्याच दिवशी उपटून मागे घेतले. खालचे तीन फूट त्यांनी डिसेंबरात सोडले, तेपण कुरकुरत. ज्याला कुंपण करायचंय त्याने आधी मोजणी नकाशाची क प्रत काढा आणि मग तार ओढा, मी उलटं केलं.

पण ह्याच्या मधे ऑक्टोबरात जे झालं ते जास्त गंभीर होतं. माझं कुंपण झालं म्हणजे डुकरं काही जंगलात परत गेली नाहीत, ती काकांच्या वावरात वळली. हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे त्या आठवड्यात कृषीची लाईट रात्रीची होती, मी सायरन कशाने वाजला बघायला गेलो तर त्यांच्या बाजूला टॉर्चच्या उजेडात एक मुंगूस दिसलं, आडवं, तोंड उघडं, आणि त्याच्या अंगाखालून उघडी तार गेलेली. लाकडाच्या टीचभर खुट्या ठोकून, गुडघ्याच्याही खाली, थेट मोटारीच्या पेटीपर्यंत. माझ्या पायात ओली स्लीपर होती. तीन पावलं पुढं गेलो असतो तर हे कोणीतरी दुसऱ्यानं लिहिलं असतं. दहा मिनिटं मी जागचा हललो नाही, मग लांबून फिरून त्यांच्या पेटीकडे गेलो आणि मेन खाली ओढला.

सकाळी काकांना विचारलं तर म्हणाले, "तुह्या झटक्यानं समदे डुकरं माह्याकडं आले, मंग मी का तोंड पाहत बसू?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की काका, बाबा अंधारात ह्याच धुऱ्यावरून जागलीला येतात. ते गप्प बसले. तार त्याच दुपारी निघाली.

तरी त्यांच्या पोराला मी नंतर बसवून सांगितलं आणि इथंही सांगतो. "माझं शेत, माझा माल, मी काहीपण लावीन" असं नसतं. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मधे स्वतःच्या शरीराचा आणि मालमत्तेचा बचाव करायचा हक्क आहे, पण तो गरजेपुरताच, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क लागू होत नाही. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत हक्क जातो तो अगदी मोजक्या वेळी, म्हणजे जबरी चोरी, रात्री घर फोडून आत शिरणं, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोर असा अंगावर येतोय की जीव जाईल नाहीतर मोठी इजा होईल. वावरात लाईनीचा थेट करंट सोडून घरी झोपणं ह्यात कुठंच बसत नाही. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, जनावर मेलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि लाईट आकड्याची असेल तर वीजचोरी वेगळी. आमच्या बीटचा वनरक्षक म्हणतो तेच सरळ आहे, "तार काय इचारून मारते का, तू डुक्कर हायस का माणूस?" नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करायचा, पैसे उशिरा येतात पण येतात. काकांनी कधी केलाच नव्हता, ह्या वेळी मी भरून दिला.

काकांच्या त्या तारेची पोलिसात तक्रार का नाही केली असं बऱ्याच जणांनी विचारलं. मलापण माहीत नाही. करायला पाहिजे होती बहुतेक.

डिसेंबरात मशीनचा एक फायदा कळला जो मी धरलाच नव्हता. रात्री सव्वादोनला सायरन वाजला, तार तुटल्यावर वाजतो तसा, सलग. चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन निघाला, ती मी घरीच ठेवायला लावली, काठ्या आणि दोन टॉर्च घेतल्या, आणि निघायच्या आधी ११२ ला फोन केला, कारण कधी फोन केला ते नंतर विचारतात. लांबूनच आरडाओरड करत गेलो. दोघं नाल्याकडे पळाले. विहिरीवरची मोटारीची केबल अर्धी ओढून कापून ठेवलेली, करवतीचं पातं तिथंच. भाऊ मागे धावायला निघाला होता, मी कॉलर धरली. पळणाऱ्याच्या पाठीत काठी घालून आपणच आरोपी व्हायचं का, केबल तर आपल्याकडेच राहिली. पोलिसांची गाडी पाऊण तासात आली, २२ किलोमीटर अंतर बघता मी नाव ठेवणार नाही. आता मशीन आणि बॅटरी कोठ्यात कुलूपबंद आहे, बाहेर नुसतं पॅनल, तेपण अँगलला वेल्डिंग मारून.

हिशोब बघाल तर ह्या वर्षी डुकरांपायी गेलं ते सगळं मिळून तीन-चार गुंठे, ते पण जास्तीचं त्या नऊ दिवसातलं. बाबा आता घरी झोपतात. माझ्या मते पैसे वसूल, पण गवत कापायला माणूस नसेल तर घेऊ नका.

पुढच्या खरिपाला काका म्हणताहेत की दोघांचं मिळून एकच कुंपण करू. ते स्वतः धुऱ्यावर येऊन बोलले. गणित चांगलं आहे, त्यांचे तीन एकर धरून वेगवेगळं केलं तर अकराशे मीटर घेर होतो, मधला धुरा वगळला तर साडेसातशेच्या आत बसतो, आणि डुकरं इकडून तिकडे ढकलायचा प्रश्नच नाही. अडलंय ते एकाच ठिकाणी, गवत कोणी कापायचं. ते म्हणतात मशीन तुझं तर गवत तुझं.

परवा हरभरा निघाल्यावर तार गुंडाळून घेतली, उन्हाळ्यात वावरात ठेवली तर ती भंगारात जाते. धान्याच्या काट्यावर टाकली तर २७ किलो भरली. तीन किलो कुठं गेली म्हणून दोन दिवस डोकं खाजवलं, मग काल काकांच्या घरी गेलो होतो, अंगणात वालाच्या वेलाला नवाकोरा मांडव घातलाय, १६ गेज. काकूनं चहा दिला. मी काही बोललो नाही, ते पण नाही.