लॉस एंजेलिस: शेरीफची एसईबी की पोलिसांची स्वॅट?

शहर एकच वाटतं, पण खाती दोन. एलएपीडी, म्हणजे लॉस एंजेलिस पोलीस डिपार्टमेंट, शहराचं, त्याचा प्रमुख महापौर नेमतो. शेरीफ मात्र अख्ख्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रदेशाचा, पोलीसप्रमुख आणि दर चार वर्षांनी मतं मागून निवडून येणारा! (आपल्याकडे पोलीस आयुक्त प्रचारफेरी काढतोय, अशी कल्पना करून बघा.) तुरुंगही त्याच्याच ताब्यात. शिवाय स्वतःचं पोलीस खातं नसलेली 40 हून अधिक शहरं त्याच्याकडून करारावर बंदोबस्त विकत घेतात.

स्वॅट म्हणजे धोकादायक मोहिमांसाठीचं खास सशस्त्र पथक. एलएपीडीची स्वॅट म्हणजे तिच्या मेट्रोपॉलिटन डिव्हिजनची ‘डी’ प्लाटून (तुकडी). 1960 च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, नाव तिचंच जगभर झालं. ओलीस, दडून बसलेला बंदूकधारी, हे तिचं काम.

शेरीफच्या स्पेशल एन्फोर्समेंट ब्युरोत (एसईबी) स्वॅट आहेच, श्वानपथकही आहे. पण मला भावते ती त्यातली इमर्जन्सी सर्व्हिसेस डिटेल, म्हणजे आपत्कालीन बचाव पथक. तिचे डेप्युटी (शेरीफचे अधिकारी) पॅरामेडिकही, म्हणजे जागेवर प्रथमोपचार करणारेही, असतात आणि पाणबुडेही. सॅन गॅब्रिएल डोंगररांगेतल्या कड्यावर कुणी अडकला, की ‘एअर 5’ हेलिकॉप्टरमधून एक जण तारेला लटकत खाली उतरतो आणि जखमीला पट्ट्यात बांधून वर घेतो. स्वॅटच्या कारवाईत वैद्यकीय मदतीलाही हीच माणसं.

दरारा ‘डी’ प्लाटूनचा मोठा, पण कामाचा आवाका बघाल तर माझं मत एसईबीला.