टॅब, वेगळी विंडो की तीच विंडो? थंडरबर्डमध्ये मेल कुठे उघडावा

मेलवर डबल-क्लिक केलं की तो कुठे उघडायचा, हे थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल प्रोग्राममध्ये आपल्याला ठरवता येतं. उजवीकडे वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करा, मग सेटिंग्ज, जनरल, आणि खाली 'रीडिंग अँड डिस्प्ले'. तिथे तीन पर्याय दिसतील : नवा टॅब, नवी विंडो, किंवा आधीच उघडी असलेली विंडो. टॅब आले २००९ च्या डिसेंबरात, थंडरबर्ड ३ बरोबर, आणि आजही काहीच बदललं नाही तर मेल टॅबमध्येच उघडतो. बहुतेक जण इथे कधी फिरकत नाहीत. वर टॅबची रांग लागते आणि मग नावं टॅबला ठेवली जातात.

निवड करताना एकच गोष्ट पाहा. तुम्हाला दोन मेल एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात, की एक झाल्यावर दुसरा?

बॅलार्ड इस्टेटमधल्या कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसचं उदाहरण घ्या. न्हावा शेवा बंदरात कंटेनर येतोय. आयातदाराने इनव्हॉइस एका मेलने पाठवलाय, पॅकिंग लिस्ट दुसऱ्या मेलने, शिपिंग लाइनकडून बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, तिसऱ्या मेलने. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचा आयातीचा अर्ज, भरण्याआधी कार्टनची संख्या आणि वजन तिन्हीकडे जुळतंय का ते पाहायचं. हे तीन टॅबमध्ये करायला गेलात तर एका टॅबवरचा आकडा डोक्यात धरून दुसऱ्यावर जावं लागतं, आणि ४१२ चे ४२१ होतात ते नेमके त्या मधल्या सेकंदात. इथे विंडोच हवी. मेलवर राइट-क्लिक करून 'ओपन मेसेज इन न्यू विंडो' निवडा. एका विंडोत असताना विंडोज की आणि डावा बाण, दुसरीत विंडोज की आणि उजवा बाण. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या स्क्रीनवर बसतात. सेटिंगमध्ये टॅब निवडलेला असला तरी हा राइट-क्लिक चालतो, म्हणजे एवढ्यासाठी कायमचं सेटिंग बदलायची गरज नाही.

यात एक खाच आहे. ९१ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डमध्ये पीडीएफ दाखवायची सोय आतच आली, आणि ती अटॅचमेंट उघडते तीही टॅबमध्ये. मेल टॅबात, पीडीएफ टॅबात, पुन्हा तीच ये-जा. सेटिंग्ज, जनरल, 'फाइल्स अँड अटॅचमेंट्स' इथे पीडीएफच्या ओळीवर दुसरा पीडीएफ वाचणारा प्रोग्राम निवडा, म्हणजे कागद स्वतंत्र विंडोत येईल. उत्तर लिहायची खिडकी मात्र नेहमी वेगळीच उघडते, ती टॅबमध्ये येत नाही. त्यामुळे 'एक मेल बघत दुसऱ्याला उत्तर' एवढंच काम असेल तर टॅब पुरतात : मूळ मेल मुख्य विंडोत, उत्तर शेजारी.

आता उलट बाजू. मस्जिद बंदरच्या गाळ्यात बसून हिशेब सांभाळणारा, समोर एकच मॉनिटर, १३६६ बाय ७६८ चा. जीएसटीची विवरणपत्रं भरायची : महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. त्याआधीच्या दिवसांत पार्टी-पार्टीचे मेल एकेक करून हातावेगळे करायचे. इतक्या लहान पडद्यावर विंडो मांडल्या तर एकीखाली दुसरी गडप, आणि टास्कबारवर सगळ्या एकाच चिन्हाखाली गोळा. इथे टॅबच सरस. सकाळी यादीत खाली येत हव्या त्या मेलवर माउसचं मधलं बटण दाबत जा. तुम्ही यादीतच राहता, मेल मागे टॅबमध्ये उघडत जातात. मग कंट्रोल-टॅबने एकेकावर जायचं, काम झालं की कंट्रोल-डब्ल्यू. चुकून बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबल्यावर परत येतो. विंडो बंद केली तर ती अशी परत येत नाही, मेल पुन्हा यादीत शोधावा लागतो.

कंट्रोल-डब्ल्यू भराभर दाबताना जरा सांभाळून. सगळे टॅब संपून एकच उरला की तीच कळ अख्खी विंडो बंद करते.

टॅबचा खरा फायदा मेल उघडण्यात नाही, फोल्डर उघडण्यात आहे, आणि तो फार थोडे जण घेतात. डावीकडच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ओपन इन न्यू टॅब'. एकच इनबॉक्स दोन टॅबमध्ये उघडता येतो आणि प्रत्येक टॅबला स्वतःचा क्विक फिल्टर असतो. एकात फक्त न वाचलेले, दुसऱ्यात फक्त तारा लावलेले. गिरगावातल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एका टॅबमध्ये मेंटेनन्सचं फोल्डर आणि दुसऱ्यात लिफ्टवाल्याशी चाललेला पत्रव्यवहार असं ठेवलं, तर मीटिंगमध्ये कुणी विचारलं की एका कळीत समोर. कंट्रोल-१, कंट्रोल-२ असे आकडे दाबून त्या-त्या क्रमांकाच्या टॅबवर जाता येतं. फोल्डरचे टॅब तीन-चारच ठेवा आणि त्यांची जागा बदलू नका. बोटांना सवय होते.

टॅब कुठे नडतात? नावात. दहा-बारा टॅब झाले की प्रत्येकाच्या वाट्याला विषयाचे सुरुवातीचे काही शब्दच येतात, आणि ऑफिसच्या मेलची सुरुवात बहुधा सारखीच : 'आरई : आरई : एफडब्ल्यूडी' आणि पुढे कंपनीचं नाव. सगळे टॅब जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात. विंडोचं शीर्षक लांबलचक दिसतं, तिथे हा त्रास कमी. त्यावर उपाय मेल लिहितानाच करायचा : विषयात कामाचा क्रमांक आधी, नाव नंतर. टॅबच्या रांगेच्या टोकाला सगळ्या टॅबची यादी उघडणारा छोटा बाण असतो, तिथे पूर्ण विषय वाचता येतो.

दुसरी चूक म्हणजे टॅबला कामांची यादी समजणं. 'हा मेल उघडा ठेवतो, उद्या बघतो.' थंडरबर्ड बंद करून उघडला तर टॅब परत येतात खरे, पण दरम्यान तोच मेल मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून भलत्या फोल्डरमध्ये गेला असेल तर तो टॅब परत येईल याची खात्री धरू नका. उद्याच्या कामाला तारा लावा किंवा १ ते ५ यापैकी आकडा दाबून टॅग लावा. तो मेलवरच लागतो, टॅब बंद झाला तरी पुसला जात नाही.

डिलीट केल्यावर काय होतं, हेही निवडीआधी माहीत असावं. उघडलेल्या टॅबमध्ये मेल डिलीट केला की टॅब बंद होत नाही, त्याच जागी पुढचा मेल येतो. कुणाला हे सोयीचं वाटतं, कुणाचा यामुळे घोटाळा होतो : डिलीटची कळ दोनदा दाबली की न वाचलेला मेलही कचऱ्यात. सुरुवातीला सांगितलेल्या 'रीडिंग अँड डिस्प्ले'मध्येच 'क्लोज मेसेज विंडो ऑर टॅब ऑन मूव्ह ऑर डिलीट' अशी चौकट आहे. तिच्यात खूण केली की टॅब मिटतो आणि तुम्ही यादीत परत. नवख्या माणसाच्या संगणकावर ही खूण करून ठेवावी.

तिसरा पर्याय, तीच विंडो, फार दुर्लक्षित आहे. ज्यांच्याकडे दोन मॉनिटर आहेत त्यांनी तो आधी करून पाहावा. दुसऱ्या मॉनिटरवर एक मेल उघडून ठेवायचा. पहिल्यावरच्या यादीत ज्या मेलवर डबल-क्लिक कराल तो तिथेच, त्याच विंडोत येईल. पसारा शून्य. मागचा मेल मात्र त्याबरोबर जातो, म्हणून ताडून पाहायच्या कामाला हा उपयोगाचा नाही. आणि अनेक मेल निवडून एकदम एंटर दाबायची सवय असेल तर : नव्या विंडोचं सेटिंग असताना दहाच्या आसपास, टॅबचं असताना वीसच्या आसपास गेलात की थंडरबर्ड आधी विचारतो. घाईत 'हो' म्हणू नका.

ऑफिसात आउटलुक असेल तर निवडीला फारसा वाव नाही. जुन्या, क्लासिक आउटलुकमध्ये मेलचे टॅब नाहीतच. डबल-क्लिक म्हणजे नवी विंडो, एस्केप दाबली की बंद. पण दोन सेटिंग्ज पसारा बरीच आवरतात. फाइल, ऑप्शन्स, मेल या पानावर उत्तर पाठवताना मूळ मेलची विंडो आपोआप बंद करायची सोय आहे, आणि मेल हलवल्यावर किंवा डिलीट केल्यावर पुढचा उघडायचा की फोल्डरमध्ये परतायचं तेही तिथेच ठरतं. शिवाय ऑप्शन्सच्याच जनरल पानावर, मागच्या वेळी उघड्या राहिलेल्या विंडो सुरुवातीला परत उघडायच्या का, हे ठरतं. मॅकवरच्या 'मेल' या ॲपमध्ये विंडो मेन्यूतून 'मर्ज ऑल विंडोज' केलं की विखुरलेल्या विंडो टॅबमध्ये गोळा होतात.

लोकलमध्ये लॅपटॉप उघडणाऱ्यांसाठी एक तपासणी. टॅब उघडा आहे म्हणजे मेल लॅपटॉपवर आहे, असं नाही. आयमॅप खात्यात, म्हणजे ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात अशा खात्यात, थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्ज, 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' इथे मेसेज या संगणकावर ठेवण्याची चौकट खूण केलेली आहे का ते घरून निघण्याआधी पाहा. नसेल तर दादर-कुर्ल्यामध्ये नेट गेल्यावर टॅबवर विषय दिसतो, आतला मजकूर नाही.